सात कोरे कागद

सोमवार, १२ जानेवारी २०२६

आज सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी, शहरातल्या ज्या सरकारी प्रदूषण कार्यालयात मी एकतीस वर्षं हवेतली धूळ तोलली त्याच कार्यालयाच्या पहिल्या मजल्यावर, मला उभं ठेवून एका ओळीचं उत्तर हातात देण्यात आलं. वेळ मुद्दाम लिहून ठेवते. तिथलं भिंतीवरचं घड्याळ २०१४ पासून पाच मिनिटं पुढे आहे, म्हणून माझ्या मनगटावरची वेळ धरली आहे.

ओळ अशी: "सदर केंद्राची दि. २५ मार्च ते १९ एप्रिल २०२० या कालावधीतील वैध नोंद उपलब्ध नाही."

मी म्हटलं, "कारण कुठे आहे? मी कारणासकट मागितलं होतं."

खुर्चीतला पोरसवदा अधिकारी म्हणाला, "आजी, सिस्टीममध्ये जे दिसतं ते दिलं."

आजी! मी त्याला सांगितलं की तुझ्या बारशाच्या आधीपासून मी या सिस्टीममध्ये आहे, आणि तेव्हा इथे येणाऱ्या बाईला खुर्ची देण्याची पद्धत होती. त्याने खुर्ची दिली नाही. पाणी दिलं.

राही माझ्या मागे साड्यांच्या दुकानाच्या पिशवीत नवऱ्याचे एक्स-रे घेऊन उभी होती. जिन्यात विचारते, "बाय, कागद मिळाला ना? मग रागावलीस कशाला?"

रागात मी पुढचं मागे करते, म्हणून प्रकरण नीट लिहिते. राहीचा नवरा तुळशीदास दाभोशाचा. नऊ वर्षं तो शहराच्या कडेला एका खडी क्रशरवर कामाला होता. दोघं तिथेच झोपडीत राहायची. आता बेचाळिसाव्या वर्षी उंबऱ्यापासून चुलीपर्यंत जाताना तो दोनदा थांबतो. सरकारी डॉक्टरांनी सिलिकोसिस लिहिलं आहे. दगडाच्या धुळीने फुप्फुसं आखडत जातात, तो आजार. क्रशरचा मालक म्हणतो, बिड्या ओढल्या असतील. वीस फेब्रुवारीला नुकसानभरपाईच्या समितीपुढे सुनावणी आहे. निवृत्तीनंतर मी जव्हारात राहते. अर्ज लिहून हवा असेल तर इथे कुणाकडे जायचं हे आता पाड्यापाड्यांवर माहीत झालंय, त्यामुळे राही माझ्याकडे आली. आणि योगायोग असा, की त्या क्रशरसमोरच्या शाळेच्या गच्चीवर आमचंच यंत्र होतं.

यंत्र म्हणजे फार काही नाही. हवा ओढणारा पंखा आणि एक पांढरा गाळणकागद. दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी दहाला कागद लावायचा, दुसऱ्या दिवशी दहाला काढायचा. लावण्याआधीचं वजन आणि नंतरचं वजन यांतल्या फरकावरून त्या दिवशीची धूळ काढायची. ती शंभराच्या आत असावी असा नियम. त्या गच्चीवर ती कधी अडीचशेखाली आली नाही.

लॉकडाऊन लागला तेव्हा गाड्या बंद झाल्या आणि क्रशरही. वीस एप्रिलला रस्त्याच्या कामासाठी म्हणून क्रशरला परवानगी मिळाली. गाड्या मात्र बंदच होत्या. म्हणजे वीस तारखेच्या आधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी ठेवले, की धूळ गाड्यांची की क्रशरची हे शाळकरी मुलालाही कळेल. पण आधीचे आकडेच नाहीत. आहेत ते नंतरचे, दोनशे नव्वद, तीनशे दहा. मालकाचा वकील तेवढेच दाखवतो: "सगळं शहर बंद असतानाही इथे एवढी धूळ होती, मग आमचा काय दोष?"

आकडे का नाहीत ते त्या पोराला माहीत नाही. मला आहे. ते सात कागद कोरे आले होते. कोरा कागद म्हणजे कामचुकार माणूस, हा आमच्या प्रयोगशाळेतला पहिला धडा. यंत्र तासभर चालवायचं, घरी जाऊन लोळायचं आणि दुसऱ्या दिवशी कागद आणून द्यायचा. हा प्रकार मी नोकरीत चौघांचा पकडला. पाचवा हेमंत, त्या गच्चीवर कागद लावणारा आमचा कंत्राटी पोरगा. सगळं बंद आहे तर आकडा उतरणार हे मलाही कळत होतं. दीडशे आला असता तर मानला असता. अडीचशेवरून एकदम एकेचाळीस? मी सातही कागद नाकारले. दुसरं काय करणार होते?

हे कारण त्या उत्तरात आलं असतं, तर समितीला कळलं असतं की आकडे नाहीत ते एका माणसाच्या आळसामुळे.

हेमंत मोखाड्याचा. आता जव्हार–मोखाडा जीप चालवतो. इतक्या वर्षांत मी एकदाही तिच्यात बसलेली नाही. एसटीची वाट बघत उभी राहते.

बुधवार, १४ जानेवारी

संक्रांत. राही आली. तिला म्हटलं, गोड बोलण्याचं मी कुणालाही कबूल करत नाही, लाडू तेवढा घे.

उन्हात बसून त्या दिवसांचं सांगत होती. क्रशर बंद झाला आणि मालकाने मशीन राखायला या दोघांना ठेवून घेतलं. बाकीचे पायी गावाला निघाले. "चार दिस गेले नि बाय, दोरीवरचा कपडा संध्याकाळी पन तसाच पांढरा. मी दोनदा झटकला. काय पडलाच नाय त्यातून. नि हा माणूस आडवा होऊन झोपला. नऊ वर्सांत बसूनच झोपायचा."

मी विचारलं, शाळेकडे कुणी फिरकायचं का?

"कोन येनार? कुत्रे. नि एक फटफटीवाला."

फटफटीवाला म्हणजे दूधवाला असणार. त्यांनाच पास होते.

शनिवार, १७ जानेवारी

मोखाड्याच्या सरकारी दवाखान्यातून तुळशीदासचा दाखला आणायचा होता. एसटी आली नाही. स्टँडबाहेर एकच जीप भरत होती, हेमंतची. नियम मोडला आणि गेले.

"या मॅडम, पुढे बसा," म्हणाला. जणू कालच भेटलो होतो.

मागे धोंडीबाई म्हणून एक म्हातारी सुकटीची टोपली मांडीवर घेऊन बसली होती. ती ओरडली, "हेमंता, कलेक्टरीण बसवलीस का पुढं? मग आज तरी मानसं मोजून भर!"

"कलेक्टरीण नाही गं, आमच्या मोठ्या मॅडम."

"तं घाबरतोस कशाला येवढा? तुजी सासू असल्यागत बसलास आखडून."

सगळी जीप हसली. तोही हसला. निर्लज्जपणाची कमाल आहे.

घाट लागल्यावर मी विषय काढला. नाव न घेता क्रशरवरच्या एका आजारी मजुराचं सांगितलं. म्हटलं, "त्या सात दिवशी तू गच्चीवर गेला नव्हतास, एवढं एका कागदावर लिहून दे. आता तुझं कोण काय वाकडं करणार आहे? एका माणसाचं भलं होईल."

त्याने गिअर बदलला. म्हणाला, "एकदा लिहून दिलं होतं, मॅडम."

"तो खुलासा नव्हता. निबंध होता."

"पुढे वळण आहे. दांडा धरा."

त्यानंतर बोलला तो फक्त रस्त्याबद्दल. खऱ्या माणसाला बोलायला काय हरकत असते?

त्याने दिलेलं मला आठवतं. शनिवार, अठरा एप्रिलला मी त्याला मेमो दिला होता. त्यावर त्याने रेघांच्या कागदावर दोन ओळी लिहून आणल्या: "मी रोज गेलो होतो. हवाच तशी आहे." दोन ओळींत चार चुका. त्या मी लाल पेनाने दुरुस्त केल्या आणि कागद परत केला. आणि मेमोचा गुण असा, की लगेच मंगळवारी लावलेला कागद काळाकुट्ट आला. तीनशे दहा! शिक्षा झाली की माणूस सुधारतो, असं आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर बर्नाडेट उगीच म्हणत नसत. तरीही मेअखेर निवृत्त होताना त्याच्या फाइलीत मी शेरा ठेवून आले. जूनमध्ये त्याचं कंत्राट पुढे चालू झालं नाही.

रविवार, २५ जानेवारी

गावाबाहेरच्या शिरपामाळावर फिरायला गेले. उद्याची सुट्टी जोडून शहरातल्या गाड्या आलेल्या. त्यांच्या धुळीतून वाट काढत वर पोचले तर एक गृहस्थ छाती फुगवून बायकोला सांगतायत, "बघ, काय हवा आहे! लॉकडाऊनमध्ये आपल्या गच्चीवरून डोंगर दिसायचे, आठवतं? तशी."

मी म्हटलं, "मग गाडी खाली ठेवून चालत यायचं होतं. डोंगर अजून दिसले असते."

बायको हसली, तो नाही.

घरी येताना वाटलं, या माणसाने नुसतं गच्चीवर जाऊन पाहिलं आणि त्याला पटलं. त्याच्याकडे वजनकाटा नव्हता. पुढे काही सुचलं नाही. गुडघा दुखतोय.

गुरुवार, २९ जानेवारी

काल ठरवलं आणि आज केलं. हेमंतची जीप दिवसभरासाठी सांगितली. दाभोशाला जायचंय एवढंच बोलले. मनात असं, की याला तुळशीदासपुढे नेऊन उभा करायचा. मेमो आणि शेऱ्याने जे झालं नाही, ते त्या माणसाचा श्वास ऐकून होईल. काय बोलायचं त्याची वाक्यंही जुळवून ठेवली होती.

तुळशीदास दारात गोणपाटावर बसला होता, गुडघ्यांवर हात टेकून, खांदे वर काढून. आम्ही अंगणात आलो. मी घसा खाकरला.

तेवढ्यात तो म्हणाला, "आरं... कागदवाल्या! तू हाय का अजून?"

हेमंत थांबला. मग एकदम पुढे जाऊन त्याच्यासमोर उकिडवा बसला. "तुळशीदास? शिडीवाला तुळशीदास?"

राही चुलीपासून धावत आली. "अगं बाय! हाच तो फटफटीवाला! याला नाक्यावर पोलिसांनी मारला ना, पायावर ही येवढी सूज. मी हळद लावली. बोललो, आता येऊ नको. तं दुसऱ्या दिवशी लंगडत हजर!"

"पास दाखवला तरी मारलं," हेमंत म्हणाला. "कागदं बदलायचा पास असतो का, असं म्हणाले."

तिघं हसली. तुळशीदासला हसताना खोकला आला तो थांबेना. राहीने पाठ धरली. थांबल्यावर तो एकेक शब्द मोजून बोलू लागला, आणि माझ्याकडे बघून, कारण पाहुणी मी होते. "शाळेचा शिपाई गावाला पळाला होता. शिडी हालायची. मी धरायचो. हा वर जायचा, कागद काडायचा... नि खाली आला का मला दावायचा. बघ, म्हने, धुतल्यासारका. मी बोललो, आजून काय पायजे? तं बोलतो, आमची मॅडम नाय मानायची."

हेमंत झटकन उठला. "राही, चहा ठेव गं. मॅडमना साखर कमी."

तुळशीदासला माहीत नाही ती मॅडम कोण. हेमंतने सांगितलं नाही. मीही नाही.

चहा प्यायले. जुळवलेल्या वाक्यांतलं एकही बोलले नाही. परतताना जीपमध्ये आम्ही दोघंच होतो. त्याने जव्हार येईपर्यंत आरशातून एकदाही मागे पाहिलं नाही. मी पुढे बसले नव्हते.

शुक्रवार, ३० जानेवारी

घसा बसलाय. लिहीत नाही.

रविवार, १ फेब्रुवारी

माळ्यावरून २०२० ची डायरी काढायला दोन दिवस लावले. माळा काही उंच नाही.

शुक्रवार, दहा एप्रिल २०२०. माझंच अक्षर. जसंच्या तसं उतरवते:

"गुड फ्रायडे. दुपारी प्रयोगशाळेतून परतल्यावर खिडकी उघडी ठेवली. घशात खवखव नाही. गेल्या दहा-बारा दिवसांत इनहेलर घ्यावा लागला नाही. खाडीपलीकडच्या डोंगरावरची झाडं वेगवेगळी दिसतात, मोजता येतील. मंगळवारचा कागदही कोराच. या पोराला वाटतं मी आंधळी आहे."

एकाच पानावर. मध्ये एक ओळसुद्धा सोडलेली नाही.

आणि एकवीस एप्रिलच्या कागदाचं वजन केलं त्या दिवसाच्या पानावर: "कागद काळा. मेमो लागू पडला." त्याच्या खाली, "आज पुन्हा खिडकी लावून घेतली. समोर काय सुरू झालंय कोण जाणे."

आज सकाळपासून त्या वाक्यांवरून मी स्वतःशी भांडते आहे. मी वाईट हेतूने केलं नाही. नियमाने केलं. चार वेळा तो नियम खरा ठरला होता. एकतीस वर्षं माझ्यापुढे काळे कागद आले, म्हणून काळा म्हणजे खरा, असं मनात बसलं. हवा एकदाच स्वच्छ झाली, आणि मी तिच्याकडे खुलासा मागितला.

हे वाक्य चांगलं जमलंय असं वाटलं आणि स्वतःचीच शिसारी आली. त्याची नोकरी गेली आणि मी इथे वाक्यं जमवते आहे.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

निशाला फोन केला. ती अजून प्रयोगशाळेत आहे, माझ्या हाताखाली शिकली. म्हटलं, २०२० चं वजनांचं रजिस्टर काढ.

"मॅडम, कशाला आता ते?"

"काढ म्हणते ना."

अर्ध्या तासाने तिचाच फोन. "मिळालं. मॅडम, तुम्ही बसलेल्या आहात ना?"

"मी त्रेसष्ट वर्षांची आहे, बसलेलीच असते. वाच."

तिने वाचलं. सातही कागदांची आधीची वजनं आहेत, नंतरची आहेत, काढलेले आकडेही आहेत. छत्तीसपासून चव्वेचाळीसपर्यंत. प्रत्येकावर माझी तिरकी लाल रेघ, शेऱ्यात "अविश्वसनीय, नाकारले" आणि माझी सही. कागद गेले, पण आकडे शिल्लक आहेत. रेघेखालचं अजून वाचता येतं.

"आणि तासांचा रकाना?" मी विचारलं. यंत्रात तास मोजणारं मीटर असतं, किती वेळ पंखा चालला ते दाखवणारं. त्याला आमच्याकडे कुणी हात लावू शकत नाही, सील असतं.

निशाने पान उलटलं. मग म्हणाली, "चोवीस. चोवीस. तेवीस पूर्णांक नऊ. चोवीस... सगळे तसेच आहेत, मॅडम. आम्हाला तेव्हाही दिसलं होतं."

"मग बोललात का नाही?"

"तुम्हाला?" एवढंच ती म्हणाली. त्यात उद्धटपणा नव्हता. तो असता तर बरं झालं असतं, मला उत्तर देता आलं असतं.

तो रकाना मी पाहिलाच नव्हता. कागद बघितल्यावर पुढचं बघायची मला गरज वाटली नव्हती.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

मोखाड्याला गेले, एसटीने. हेमंत स्टँडजवळ जीपचं टायर ठोकून बघत होता.

मी म्हटलं, "मला तुझा खुलासा पुन्हा हवा आहे."

"तो तुम्हीच परत केला होता मॅडम. लाल करून."

"ठेवलास?"

"चुलीत गेला. पावसाळ्यात सरपण ओलं असतं." मग म्हणाला, "चहा घेणार?"

"नको. पुन्हा लिही. जसं होतं तसं. गेलो होतो, शिडी कुणी धरली, नाक्यावर काय झालं, सगळं."

"चुका होतील."

"होऊ देत."

त्याने टायरवरून हात फिरवला. "माझं काम तर परत मिळायचं नाही ना?"

"नाही," मी म्हटलं. खोटा धीर देण्याची मला सवय नाही.

"बरं. मग तुळशीदाससाठी लिहितो."

जीप भरायला लागली होती. एक बाई कोंबडी घेऊन पुढच्या सीटवर चढत होती, तिला त्याने मागे पाठवलं आणि ती त्याच्याशी भांडायला लागली. त्या गोंधळात तो सहज विचारावं तसं म्हणाला, "मॅडम, तुम्ही एकदा तरी गच्चीवर का नाही आलात? तुमच्याकडे तर गाडी होती."

होती. चालकासकट होती. पासही होता. प्रयोगशाळेपासून ती शाळा दोन किलोमीटरसुद्धा नाही. वर जाऊन नुसतं उभं राहिले असते तरी कळलं असतं. नाकाला कळलं असतं.

मला जे म्हणायचं होतं ते मी म्हणाले नाही. कॉन्व्हेंटमध्ये तो शब्द आम्हाला दिवसातून दहादा म्हणायला लावत, पेन्सिल पडली तरी, शिंक आली तरी. इतका वापरलेला शब्द त्या माणसापुढे काढायची लाज वाटली. म्हटलं, "कागद चांगला घे. रेघांचा असला तरी चालेल."

"हो मॅडम," म्हणाला आणि गाडी चालू केली. कोंबडीवाली बाई शेवटी पुढेच बसली.

सोमवार, ९ फेब्रुवारी

तुळशीदासला परवा इथल्या दवाखान्यात आणलं. नाकाला नळी आहे. राही म्हणते, वीस तारखेला त्याला झोळीत घालून न्यायची वेळ आली तरी नेईन. त्याला काय हवंय ते आज त्यानेच सांगितलं, नळी बाजूला करून: "बिडीनं नाय झाला... येवढा कुनी तरी लिवून दे." मी म्हटलं, बोलू नकोस, नळी नीट लाव. मग बाहेर व्हरांड्यात येऊन बसले.

हेमंतचा खुलासा आला. एका जीपवाल्याच्या हाती पाठवला. पाच चुका आहेत. पेन हातात होतं, ते खाली ठेवलं.

आता पत्र. मसुदा इथेच लिहिते, सकाळी स्वच्छ करून रजिस्टर पोस्टाने पाठवायचा आणि एक प्रत स्वतः नेऊन पोच घ्यायची.

महोदय,

आपल्या कार्यालयाने दि. १२ जानेवारी २०२६ रोजी सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी मला दिलेले उत्तर चुकीचे आहे. सदर केंद्राच्या दि. २७ मार्च ते १७ एप्रिल २०२० या काळातील सातही नोंदी उपलब्ध आहेत आणि वैध आहेत. आपल्याच प्रयोगशाळेच्या रजिस्टरमध्ये वजने, आकडे व यंत्र चाललेले तास स्पष्ट वाचता येतात. त्यांवर मारलेली लाल रेघ व "अविश्वसनीय" हा शेरा माझा आहे. सही माझी आहे.

ती रेघ मी मागे घेत आहे. यंत्र पूर्ण वेळ चालले होते हे मी तपासले नाही. मी जागेवर गेले नाही. हवा इतकी स्वच्छ असू शकते हे मला मान्य नव्हते, एवढेच ते नाकारण्याचे कारण होते. क्रशर बंद असताना तेथील धूळ चाळीसच्या आसपास होती आणि तो सुरू होताच, वाहने बंद असूनही, तीनशेवर गेली, हे समितीपासून सहा वर्षे लपले ते माझ्यामुळे.

तत्कालीन क्षेत्र साहाय्यक श्री. हेमंत यांनी एकही दिवस चुकवला नव्हता. त्यांना दिलेला दि. १८ एप्रिल २०२० चा मेमो व फाइलीतील माझा शेरा रद्द करण्यात यावा आणि तसे त्यांना कळवावे. त्यांचा खुलासा सोबत जोडला आहे. तो आहे तसा स्वीकारावा.

निवृत्त कर्मचाऱ्याला मेमो देता येत नसल्यास त्यासाठी काय करावे लागते तेही कळवावे. मी तो घेण्यास तयार आहे, आणि त्यात मला विचारण्यात यावे की, मी गच्चीवर का गेले नाही.

सातही नोंदी पूर्ववत करून त्यांच्या साक्षांकित प्रती दि. २० फेब्रुवारीच्या सुनावणीपूर्वी समितीकडे पोचल्या पाहिजेत. अर्जदार दवाखान्यात आहे. त्याच्याकडे पुढच्या तारखेपर्यंत थांबायला वेळ नाही. "सिस्टीममध्ये दिसत नाही" हे उत्तर मी स्वीकारणार नाही. फोनवरचे उत्तर स्वीकारणार नाही. या पत्राचे उत्तर लेखी, सही-शिक्क्यानिशी, सोमवार, दि. १६ फेब्रुवारी २०२६ रोजी सायंकाळी पाच वाजण्यापूर्वी मला जव्हारच्या पत्त्यावर मिळावे, आणि त्याची प्रत त्याच वेळेपर्यंत मोखाड्याला श्री. हेमंत यांना.